सोमवारचे पट्टे

बिरवाडी, महाड
१० जानेवारी २०२५

मुरारीदादा, पाया पडतो.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. ओरडलो की शेडमधल्या बायांना वाटतं मालक आपल्यावरच तापलाय. तेव्हा कागद बरा. तुमची नात समीक्षा उद्या शनिवारची घरी यायला निघेल, तिच्याच हाती देतो. पाकीट चिकटवलंय ते तिच्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. तुम्हीच शिकवलंत, उघडा डबा आणि उघडी चिठ्ठी, दोन्हींत कचरा पडतो.

कामाचं बोलतो. पुण्याच्या एका घड्याळवाल्याचं काम घेतलंय. मनगटी घड्याळाचे काळे पट्टे, सिलिकॉन रबराचे. रबर त्यांचं, वरचा लेप आपला. नुसतं सिलिकॉन हाताला मऊ, पण धूळ, केस, सदऱ्याचा कापूस, सगळं अंगाला ओढून घेतं. नवा पट्टा दोन तासांत जत्रेतून आल्यासारखा दिसतो. म्हणून त्यावर सिलिकॉनचाच पातळ लेप द्यायचा. दोन डब्यांतला माल एकत्र ढवळायचा, हवेच्या गनने मारायचा, भट्टीत भाजायचा. चांगला निघाला तर पट्टा कोरडा आणि रेशमासारखा.

मी पट्टे डोळ्यांनी तपासत नाही, कानांनी तपासतो. दहा पट्टे मुठीत धरून एकमेकांवर घासायचे. सुक्या बांबूच्या पानांसारखी सळसळ आली की पास. पण वर्ष बदललं तसं मधूनच 'चट्' ऐकू येतंय. दोनदा सबंध ट्रे चिकट निघाला. भट्टी तीच, गन तीच, डबे त्याच खेपेतले. चिकट पट्टे पुन्हा भाजले तरी चिकटच. पुण्याचा साहेब अजून गोड बोलतोय, आणि गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला मी जास्त भितो.

तुम्ही तीस वर्षं कुर्ल्याच्या शेडमध्ये हेच काम केलंत आणि कॉम्प्रेसरला कान देऊन आलात. मी सोळाव्या वर्षी तुमचा डबा ढवळायला लागलो. आज नऊ माणसं माझ्या हाताखाली आहेत, पण असं काही झालं की हात तुमच्याच दाराची कडी शोधतो. जरा डोकं चालवा.

समीक्षा पुसायच्या टेबलावर आहे. लेप मारण्याआधी प्रत्येक पट्टा पुसून साफ करायचा, ते तिचं काम. बारावी सायन्स झालेली पोर, हात हलका. तुम्ही तिच्याबरोबर जुन्या लुगड्याच्या चिंध्या पाठवता त्या झकास आहेत. धागा सुटत नाही.

तुमचा,
हैबती


वरची खांबेवाडी, ता. पोलादपूर
१२ जानेवारी

हैबती,

सुखी राहा आणि अक्षर सुधार. तुझी वहिनी येसू कागद बघून म्हणाली, "लिवलंय की कोंबडी नाचवलीय?"

तुझा प्रश्न वाचून मला झोपेतून उठल्यासारखं झालं. इथे मला कोण काय विचारतं? म्हैस आणि कलमं, दोघांनाही माझं ज्ञान नको असतं.

मुळापासून ऐक. सिलिकॉन म्हणजे अळूचं पान. त्यावर काही ठरत नाही. म्हणून कामाप्रमाणे लेप बदलतो. रिमोटच्या बटणांना मखमली हात हवा, तिथे पॉलियुरेथेन. पण खाली प्रायमर नसेल तर उकडलेल्या बटाट्यासारखी साल निघते. तेला-पेट्रोलजवळ बसणारा भाग असेल तर फ्लोरोचा लेप, कारण साधं सिलिकॉन तेल पिऊन फुगतं. डॉक्टरांच्या नाजूक नळ्यांना पॅरिलीन. तो गनने मारत नाहीत, निर्वात पेटीत त्याची वाफ बसवतात. मी तो एकदाच पाहिला, काचेबाहेरून, गाभाऱ्याबाहेरून दर्शन घ्यावं तसा. आणि ज्याला काहीच परवडत नाही तो शंखजिऱ्याची पूड चोळून मोकळा होतो.

तुझा सिलिकॉनवर सिलिकॉन हा सगळ्यांत घट्ट बसणारा, पण रुसायलाही तोच पुढे. त्याला घट्ट करणारं विरजण म्हणजे प्लॅटिनम. डब्यात ते नखाएवढंही नसतं. आणि त्या विरजणाला वावडी फार. कथलाचं वावडं, काही डिंकांचं वावडं, सगळ्यांत वाईट गंधकाचं. गंधकाचा कण लागला की ते विरजण मेलंच. मग भट्टीत घाल नाहीतर होळीत घाल, लेप चिकटच राहणार. तुला दुसऱ्यांदा भाजून फरक पडला नाही म्हणतोस, तेव्हा मी सांगतो, हे गंधकच.

आता तुझ्या शेडमध्ये गंधक कुठून येतं ते शोध. बाया ते पिवळट रबरी हातमोजे घालतात का? त्या रबरात गंधक असतं. विनाइलचे आण. ट्रेला रबरबँड लावता का? फेकून दे. काळ्या रबराची चटई असेल तर बाहेर काढ.

आणि पट्टा एकदा पुसता की दोनदा? दोनदा पुसा, जोर लावून. समीक्षेबरोबर चिंध्यांचा मोठा गठ्ठा पाठवतोय. येसूचं नऊवारी, वीस वर्षं धुतलेलं. बाजारात असं कापड मिळायचं नाही.

यंदा आंब्याला मोहोर भरपूर आहे, पण ढगाळ हवेने भुरी धरली. पोर रविवारी झाडांना हात लावते म्हणून निभतंय.

मुरारी


बिरवाडी
२४ जानेवारी

मुरारीदादा,

हे पत्र मुद्दाम टपालाने पाठवतोय, समीक्षेच्या हातून नाही. का ते पुढे कळेल.

तुमचं म्हणणं अक्षर न् अक्षर पाळलं. मोजे बदलले. रबरबँड गेले. चटई बाहेर काढली, त्यावर आता शेजारच्या शेडचा कुत्रा झोपतो आणि त्याला काही झालेलं नाही. डिंकाच्या पट्ट्या काढल्या. शेडमध्ये गंधकाचं नाव उरलं नाही. आणि दोनदा पुसायला लावलं.

दादा, कमी होण्याऐवजी वाढलं.

मग मी आपली पद्धत काढली. कोणाला न सांगता दर ट्रेखाली खडूने खूण केली, पट्टे कुणाच्या टेबलावर पुसले त्याची. पुसायला दोघी आहेत. एक तुडीलची रखमा, एक समीक्षा. दोघींचं सगळं एकच. एकच गन, एकच भट्टी, तेच मोजे, तोच पुसायचा पातळ द्राव. रखमाचे सगळे पट्टे सळसळतात. 'चट्' करणारे सगळे समीक्षेच्या टेबलावरचे. सगळे.

माणसाने कानांवर विश्वास ठेवायचा की नात्यावर? पोर केसांना खोबरेल चोपडून येते. वेणी सारखी करते आणि तोच हात मोज्याच्या आत-बाहेर. मी गमतीत म्हटलं, "गो समीक्षा, पट्टे पुसतेस की त्यांना मालिश करतेस?" बाकीच्या हसल्या. ती हसली नाही.

तुम्ही घरात तिला समजावा. माझ्या तोंडून ते कडू लागेल.

हैबती


वरची खांबेवाडी
१ फेब्रुवारी

हैबती,

तुझं पत्र टपालवाल्याने पाच दिवस पोलादपुरात ठेवलं. वर चढायला त्याच्या गुडघ्याला जमत नाही म्हणे.

खोबरेल लागलं तर लेप सुटेल, भोकं पडतील. तो कच्चा राहणार नाही. हे तुला कुर्ल्याला दाखवलं होतं, तेव्हा तू वडापाव खात होतास. पोरीच्या हातात खोट नाही. आजोबा म्हणून बोलत नाही, कारागीर म्हणून बोलतोय.

मला दोनच गोष्टी कळव. चिकट पट्टे कुठल्या वारी निघतात? आणि "दोघींचं सगळं एकच" लिहितोस, त्यात चिंधीसुद्धा आली का?

मुरारी


बिरवाडी
८ फेब्रुवारी

मुरारीदादा,

तुमचं पत्र आलं तोवर उशीर झाला होता. सोमवारी, तीन तारखेला, मी समीक्षेला काढलं.

पुण्याचा साहेब गोड बोलायचा थांबला होता. त्याने तीन खोके परत धाडले. वर चिठ्ठी, 'माशा पकडायचा कागद आम्ही मागवला नव्हता.' त्याच दिवशी पुन्हा तिचा पूर्ण ट्रे 'चट्'. मी तिला फाटकाबाहेर चांगूच्या टपरीपाशी नेलं. आत बायांसमोर नको म्हणून, पण तिथे पाळी सुटलेली, चार शेडची माणसं चहा पीत उभी.

म्हटलं, "पोरी, हात तेलकट घेऊन कारखान्यात येऊ नये. हात सुधार, मग ये."

ती म्हणाली, "काका, हाताचं असतं तर रोज झालं असतं. शनिवारच्या पट्ट्यांना काय होत नाय. ते का, ते विचारा की आधी."

मी म्हटलं, "विचारायला मी आहे. तू पुसायला होतीस."

लोक हसले. तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता तुमचे प्रश्न. वार : सोमवारी सगळ्यांत जास्त, मंगळवारी थोडे कमी, शुक्रवार-शनिवारी जवळजवळ नाहीच. म्हणजे पोर सुट्टीवरून येते तेव्हा जास्त गबाळी असते. चिंधी : रखमा दुकानातलं कापड वापरते. समीक्षेकडे तुमचंच लुगडं, म्हणजे उलट चांगलं. त्यात काही नाही.

राग आला असेल. या, मारा दोन. पण तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?

हैबती


बिरवाडी
२८ फेब्रुवारी

मुरारीदादा,

वीस दिवस झाले, तुमच्याकडून ओळ नाही. टपालवाल्याचा गुडघा एवढा दुखत नसणार.

कळवायचं एवढंच की समीक्षा गेल्यापासून एकही पट्टा चिकटला नाही. पुण्याचा माणूस पुन्हा गोड झाला. तेव्हा माझा हिशेब बरोबर होता असं म्हणायला हवं. पण म्हणताना जीभ अडते. तिचा 'शनिवारच्या पट्ट्यांना काय होत नाय' हा आवाज कानातून जात नाही. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. गनच्या फुसफुसण्यावरून मला हवा किती भरलीय ते कळतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाजही कळायला हवा होता.

आणखी एक ऐकलं, तेही चांगूच्या टपरीवर. पोर बिरवाडीतली खोली सोडण्याआधी दोन शेडमध्ये काम विचारायला गेली होती. दोन्हीकडे म्हणाले, "हैबतीनं काढलेली ना, तेलकट हाताची?" असं नाव मी ठेवलं नव्हतं. पण चिकटलं.

तुम्ही काही तरी लिहा. शिव्या लिहा.

हैबती


वरची खांबेवाडी
५ मार्च

हैबती,

शिव्या मला घालायच्या आहेत, त्याही मलाच. तेवढी ताकद यायला तीन आठवडे लागले.

तुझं आठ तारखेचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मला कळलं. समोर कुंपणावर येसूने चिंध्या वाळत घातल्या होत्या. मी बसून बघत राहिलो.

मोहोरावर भुरी पडली की आम्ही इथे काय करतो ते तुला ठाऊक आहे, तुझा बापही करायचा. पातळ फडक्यात गंधकाची पूड बांधायची, पुरचुंडी लांब काठीला अडकवायची आणि फांदीवर ठोकत फिरायचं. पूड धुक्यासारखी मोहोरावर बसते. जानेवारीपासून दर रविवारी समीक्षा काठी धरते, येसू पुरचुंडी भरते. फडकं कसलं? येसूचं तेच नऊवारी. अर्धं पुरचुंडीला, अर्धं तुला. आणि काम झालं की येसू पुरचुंडी सोडते, झऱ्यावर स्वच्छ धुते आणि म्हणते, "चांगलं फडकं हाय, हैबतीच्या गठ्ठ्यात टाक." गंधक पाण्यात विरघळत नाही, हैबती. कितीही आपटलं तरी धाग्यात बसून राहतं. दर सोमवारी पहाटेच्या एसटीने ते तुझ्याकडे येत होतं, घडी घालून. पहिल्या ट्रेवर सगळ्यांत जास्त उतरायचं. शनिवारपर्यंत फडकं रिकामं.

दिवाळीपासून चिंध्या पाठवत होतो तेव्हा काही झालं नाही, कारण तेव्हा मोहोर नव्हता.

आणि ज्याने तुला लिहिलं 'हे गंधकच', त्यानेच लिहिलं 'दोनदा पुसा, जोर लावून'. तीस वर्षं मी पोरांना गंधकाची भीती घातली. पण माझ्या डोक्यातला गंधक कारखान्यातला होता. अंगणातला तो झाडाचं औषध. दोघांची ओळखच मी कधी करून दिली नाही.

हे सगळं दहा-बारा फेब्रुवारीला कळलं आणि मी गप्प राहिलो. समीक्षा घरात खाली मान घालून वावरायची. मी तोंड उघडलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी मोकळी झाली असती. पण साऱ्या महाडात एका माणसाच्या लेखी मी अजून उस्ताद आहे, तो तू. तेवढं मला सोडवेना. तुझं अठ्ठावीसचं पत्र आलं, त्यात तिला लोक काय म्हणतात ते वाचलं, आणि मग माझी लाज मला फार स्वस्त वाटली.

काल तिला सांगितलं. ती कोयता घेऊन गवताला गेली.

सोबत दोन चिंध्या, वेगवेगळ्या पिशव्यांत. गाठ मारलेली पुरचुंडीची, दुसरी पेटीतली, गंधक न लागलेली. माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. करून बघ.

मुरारी


बिरवाडी
११ मार्च

समीक्षा,

हे पत्र तुझ्या नावाने, आजोबांच्या पाकिटात घालून नाही.

आजोबांच्या दोन्ही चिंध्या मिळाल्या. मी स्वतः पुसलं नाही, रखमाला पुसायला लावलं, म्हणजे हात तुझा नाही आणि माझाही नाही. दहा पट्टे साध्या चिंधीने, दहा गाठीच्या. रखमा म्हणाली, "मालक, माजी नोकरी घालवायचा बेत हाय काय?" एकाच ट्रेमध्ये ठेवून भाजले. बाहेर काढल्यावर सगळ्यांना उभं करून मी पहिले दहा घासले. सळसळ. दुसरे दहा घासले.

'चट्.' शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं.

मग रखमा म्हणाली, "म्हंजी पोरगी खरं सांगत हुती." मी म्हटलं हो.

माझं चुकलं. नुसतं काढण्यात नाही, काढताना हशा मिळवण्यात. तुझी जागा रिकामी आहे. सोमवारपासून ये. खोलीवालीशी मी बोलतो.

हैबतीकाका


वरची खांबेवाडी
१४ मार्च

हैबतीकाका, नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही पट्टे रखमामावशींना पुसायला लावलेत ते बरोबर केलंत. फक्त दहा-दहा कमी आहेत, तीस-तीस हवे होते. आणि गाठीची चिंधी आधी वापरली की नंतर, ते लिहिलं नाहीत. आधी वापरली असेल तर मावशींचे मोजे बदलले होते का?

तुमची आणि आजोबांची पहिली दोन पत्रं मीच नेली-आणली. पाकीट बंद होतं, उघडलं नाही. दुसऱ्यात आजोबांनी गंधकाचं लिहिलं होतं हे त्यांनी सांगितलं तेव्हाच मला कळलं. काका, मी ते पत्र ज्या पिशवीतून आणलं त्याच पिशवीत चिंध्यांचा गठ्ठा होता, आणि माझ्या नखांत आदल्या दिवशीची पिवळी पूड होती. त्या सोमवारी कोणी मला एवढं जरी म्हटलं असतं, "गंधक वाईट," तरी मी तिथेच गठ्ठा खाली ठेवला असता. गंधक आहे का ते तुम्ही मोज्यांना विचारलंत, रबरबँडला विचारलंत, चटईला विचारलंत. मला नाही विचारलंत.

आजोबांवर रागावू नका. ते महिनाभर नीट जेवले नाहीत. मला वाटायचं माझी नोकरी गेली म्हणून. मी रागावले होते, दोन दिवस. मग आजी म्हणाली, "फडकं मी धुतलं, माज्यावर कोन रागवत न्हाय, मी काय देवी हाय?" तेव्हा हसू आलं.

यायचं तर आहे. इथे बसून मी काय करू? पण लोक मला ज्या नावाने ओळखतात ते तुम्ही चांगूकाकांच्या टपरीवर दिलंत. जिथे दिलंत तिथेच परत घ्या. पाळी सुटताना, तितक्याच मोठ्याने. बंद पाकिटातली माफी माझ्या कामाची नाही.

आणि पुसायला मी येणार नाही. फाटकातून आत येणारी प्रत्येक गोष्ट, डबा, कापड, मोजा, माणूस, आधी मला दाखवायची. मी विचारीन, आणि विचारलं की उत्तर द्यायचं. हे चालत असेल तर कळवा. नसेल तरी राग नाही.

समीक्षा


बिरवाडी
२१ मार्च

मुरारीदादा,

तुमची नात बुधवारी कामावर आली. कशी आली ते सांगतो, कारण ती स्वतः सांगायची नाही.

अटी मान्य असल्याचं तिला सोमवारी फोनवर कळवलं, आणि मंगळवारी पाळी सुटताना मी टपरीवर गेलो. चांगूने न मागता कप पुढे केला. मी बाकड्यावर चढलो. या वयात बाकड्यावर चढलेला मालक म्हणजे निवडणूक नाहीतर वेड. म्हटलं, "ऐका रे. पोलादपूरच्या खांबेवाडीची समीक्षा. मी तिला इथे उभं करून तेलकट हाताची म्हटलं. तिच्या हातात खोट नव्हती. खोट फडक्यात होती, आणि माझ्यात. तिने मला कारण शोधायची वाट सांगितली होती, मी तिची चेष्टा केली."

चांगू म्हणाला, "मालक, खाली या, बाकडं मोडंल." एक जण हसला. मी थांबलो नाही, ज्या दोन शेडनी तिला परत पाठवलं होतं त्यांच्या सुपरवायझरांची नावं घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "मग अशी पोरगी आमच्याकडं द्या की." म्हटलं, "तिला विचार. मला विचारायचं नाही, तिला."

तेव्हा मला दिसलं, ती रस्त्यापलीकडे एसटीच्या थांब्यावर पिशवी घेऊन उभी होती. सगळं ऐकलं असणार. जवळ आली नाही. चांगूला तिथूनच हाक मारली, "चांगूकाका, एक चहा. साखर कमी."

बुधवारी तिने दाराशी टेबल मांडलं आणि वही ठेवली. काल वीस मार्चच्या चवदार तळ्यावरच्या गर्दीमुळे महाडकडून येणारे दोघे उशिरा आले, तर ते धापा टाकत असतानाच त्यांना विचारलं, वाटेत काय खाल्लंत, कशाला हात लावलात. लसणातही गंधक असतं म्हणून रखमाच्या पिशवीतली जुडी काढून फाटकाबाहेर टांगली. रखमा म्हणाली, "सासूबी एवढं बगत न्हाय गो." पण ऐकतात सगळे.

आज सकाळी रिमोटच्या बटणांचं काम लावलं, पॉलियुरेथेनचा लेप. पहिल्याच ट्रेवर भोकं. माशाच्या डोळ्यांसारखी गोल, लेप मागे सरकून खालचं रबर उघडं. तिने गन थांबवली. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला हुंगत गेली. मी बाजूला कौतुकाने बघत होतो. रांग संपली. ती माझ्यासमोर आली.

"काका, केसांना काय लावलंत?"

दादा, आमच्या साहिलने मुंबईहून केस चमकवायची एक बाटली आणलीय. चार थेंब लावले की माणूस दहा वर्षांनी लहान दिसतो. काल लावली, आज लावली, आणि लेप मारण्याआधी पहिला ट्रे मीच डोकं घालून तपासला होता. तिने मला घरी पाठवून बाटली मागवली. मागचं बारीक छापील वाचलं आणि मोठ्याने सांगितलं, "सिलिकॉनचं तेल." पॉलियुरेथेनचा दुश्मन मी डोक्यावर मिरवत होतो.

म्हटलं, "मालकाला बाहेर काढतेस काय गो?"

म्हणाली, "मालकाला नाय काका. डोक्याला."

डोकं धुऊन आलो. तिने हुंगलं, मान हलवली. पुन्हा धुऊन आलो. पुन्हा मान हलवली. मग दार लावून घेतलं. हे पत्र मी फाटकाजवळच्या दगडावर बसून लिहितोय, भर दुपारी, ओल्या डोक्याने. येणारे-जाणारे विचारतात, मालक बाहेर का? मी खरं ते सांगतो.

आत तिने गन पुन्हा सुरू केलीय. इथून ऐकतोय. हवा बरोबर आहे.

हैबती